बारा एकादश्यांची प्रयोगशाळा

आषाढी एकादशी पार पडली, गोपाळपूरचा काला झाला आणि पालख्या परतीच्या वाटेला लागल्या, की पंढरपुरात दोन गोष्टींचे ढीग मागे उरतात. एक कचऱ्याचा आणि दुसरा सूचनांचा. पहिला ढीग सफाई कामगार आपल्या हातांनी उपसतात आणि गाव पुन्हा चालते होते. दुसरा ढीग मात्र कोणी उपसत नाही. वृत्तपत्रांकडे आलेली पत्रे, नगरपरिषदेकडे गेलेली निवेदने, मंदिर समितीपुढे मांडलेल्या योजना, महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी तयार केलेल्या प्रतिकृती, पुढाऱ्यांच्या भाषणांतील संकल्प, हे सारे पुढची आषाढी जवळ येईपर्यंत निवांत पडून असते. मग ज्येष्ठ महिना उजाडतो, बैठकांची धावपळ सुरू होते, आणि त्या ढिगातील एखादी कल्पना घाईघाईने उचलून एकदम लाखोंच्या गर्दीत सोडली जाते. ती फसली की "कल्पना चांगली होती, पण लोक तयार नाहीत" असा शेरा मारून सर्वजण मोकळे होतात.

ह्या शेऱ्याला आमचा आक्षेप आहे. लोक तयार नसतात हे खरे नव्हे. कल्पनाच तयार झालेली नसते. कोणताही शहाणा शिक्षक मुलाला घटक चाचणी नाही, सहामाही नाही, आणि एकदम वार्षिक परीक्षेला बसवीत नाही. पंढरपुरात मात्र दर्शनाच्या, स्वच्छतेच्या, निवाऱ्याच्या आणि सुरक्षिततेच्या प्रत्येक नव्या कल्पनेला आपण थेट आषाढीच्या परीक्षेस बसवितो. वस्तुतः ह्या क्षेत्राला जी सोय लाभली आहे ती महाराष्ट्रातील, कदाचित देशातीलही, फार थोड्या गावांना लाभली असेल. येथे दर महिन्याच्या शुद्ध एकादशीला वारी भरते. त्यांतील चैत्री, आषाढी, कार्तिकी आणि माघी ह्या चार मोठ्या; बाकीच्या आठ लहान. अधिक महिना आला तर आणखी एक. लहान गर्दीपासून अफाट गर्दीपर्यंतच्या पायऱ्या पंचांगानेच आखून दिल्या आहेत. बारा एकादश्यांची ही प्रयोगशाळा शतकानुशतके उघडी आहे. तिच्यात प्रयोग करावयाचे तेवढे आपण विसरलो आहोत. पंढरपूरची नगरपरिषद, मंदिर समिती आणि जिल्हा प्रशासन यांनी हा विसर मोडून काढावा, एवढ्यासाठीच आम्ही आज हा विषय पहिल्या पानावर घेत आहोत.

वारी ही परंपरा आहे आणि परंपरेत नव्या कल्पनेला थारा नसतो, असा एक समज सुशिक्षित वर्गात रूढ आहे. तो इतिहासाला धरून नाही. तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली देहूहून पालखी नेण्यास आरंभ केला तेव्हा ती नवीच कल्पना होती. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकर यांनी आळंदीच्या सोहळ्याला लष्करी शिस्तीची घडी घातली. रथापुढच्या दिंड्या, रथामागच्या दिंड्या, प्रत्येकीचा ठरलेला क्रमांक, विणेकऱ्याची जागा, चोपदाराचा अधिकार, मुक्कामाच्या वेळा, असा सगळा बंदोबस्त त्यात आहे. लाखो माणसे पंधरा-वीस दिवस एका ओळीत चालतात, आणि त्यांना चालविण्यासाठी कोणतीही मोठी कचेरी लागत नाही. आधुनिक व्यवस्थापनशास्त्र शिकविणाऱ्यांनी ह्या रचनेपुढे नम्रपणे बसावे अशी तिची योग्यता आहे.

ह्याच रचनेतील एक बारकावा आमच्या प्रस्तुत विषयाशी फार जवळचा आहे. मुक्कामाच्या ठिकाणी संध्याकाळी समाजआरती होते. चोपदार आपला दंड उंच करून पुकारा करतो आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. मात्र ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती आपले टाळ थांबवीत नाही. तो नाद ऐकून चोपदार तिकडे जातात, गाऱ्हाणे ऐकतात, त्याचा निवाडा करतात, आणि मगच टाळ शांत होतात. सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात, दुसऱ्या दिवशीच्या प्रस्थानाची वेळ सांगितली जाते, आणि त्यानंतर आरती होते. तक्रार त्याच दिवशी, सर्वांसमक्ष आणि आरतीच्या आधी ऐकली गेली पाहिजे, हा केवढा थोर सामाजिक शोध आहे! ज्या सरकारी कचेऱ्यांत तक्रारपेटीचे कुलूप वर्षानुवर्षे उघडत नाही, त्यांनी ह्या टाळांचा अर्थ समजून घ्यावा. आपल्या योजनांत टाळ वाजवीत राहण्याची सोय कोठे आहे, हा प्रश्न आम्ही पुढे पुन्हा विचारणार आहोत.

पंढरपुराने पुढील काळातही नव्या कल्पनांना जन्म दिला आहे. विधवेच्या पोटी जन्मलेल्या मुलाला समाज जगू देत नव्हता आणि तिलाही जगू देत नव्हता, त्या काळात असहाय स्त्रिया तीर्थयात्रेच्या निमित्ताने येथे येत आणि मूल टाकून जात. १८७५ साली, न्यायखात्याच्या नोकरीत येथे असलेले लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने आणि प्रार्थना समाजाच्या आश्रयाने पंढरपुरात अशा अर्भकांसाठी आश्रम निघाला. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढून ही वाट दाखविली होती. पंढरपूरच्या आश्रमाचे वैशिष्ट्य असे, की संस्थापक पुढे अहमदाबादेस गेले तरी संस्था त्यांच्याबरोबर गेली नाही. प्रार्थना समाजाने ती सांभाळली, आणि नवरंगे बालकाश्रम या नावाने आज पंढरपूर तिला ओळखते. कल्पना एकाची होती. पण ती टिकली ती तिच्यामागे एक संस्था उभी राहिली म्हणून.

दुसरे उदाहरण यंत्रविद्येतील आहे. बार्शी लाइट रेल्वे हे नाव सोलापूर जिल्ह्यातील जुन्या पिढीच्या जिभेवर असते; परंतु ती एका अभिनव कल्पनेची कसोटी होती हे थोड्यांनाच ठाऊक असेल. जी. आय. पी. रेल्वेत काम केलेल्या एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज अभियंत्याचा सिद्धान्त असा होता, की गाडीचा भार प्रत्येक आसावर सारखा आणि पाच टनांच्या आत ठेवला, तर हलक्या आणि स्वस्त रुळांवरूनही भरपूर माल आणि माणसे नेता येतील. अडीच फुटांच्या अरुंद मार्गासाठी त्याने इंजिने आणि डबे त्या हिशेबाने आखले. परंतु ते थेट बार्शीला पाठविले नाहीत. इंग्लंडात लीड्सजवळ न्यूले येथे तात्पुरता मार्ग टाकून त्यांची चाचणी घेतली आणि ती जाणकारांना पाहू दिली. १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी हा एकवीस मैलांचा तुकडा सुरू झाला. तो चालतो हे दिसल्यावर मार्ग वाढत गेला. १९०६ साली तो पंढरपुरास पोहोचला आणि १९२७ मध्ये मिरजेस. आज त्या वाटेवर रुंद रूळ आहेत. परंतु आधी परदेशच्या कारखान्याच्या आवारात, मग एकवीस मैलांवर आणि मग वारकऱ्यांच्या गर्दीत, हा जो क्रम त्या माणसाने पाळला तो आजही जुना झालेला नाही.

तिसरे उदाहरण अधिक तेजस्वी आहे. विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी १ मे १९४७ रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण आरंभिले आणि ते १० मे रोजी सुटले. लोकांच्या स्मरणात ते दहा दिवस राहिले आहेत. परंतु त्यांच्या आधी गुरुजी महाराष्ट्रभर गावोगाव फिरले होते, लोकांची मने तयार करीत होते. उपोषण हा त्या प्रयत्नाचा कळस होता. पाया त्या दौऱ्यात घातला गेला होता. सामाजिक सुधारणेलाही चाचणीच्या, तयारीच्या आणि पायरीपायरीने चढण्याच्या ह्या नियमातून सूट नाही.

ह्या सर्व उदाहरणांना दोन सूत्रे समान आहेत. कल्पना आधी लहान प्रमाणात किंवा हळूहळू लोकांत मुरवून पारखली गेली. आणि पारखल्यानंतर तिला सांभाळणारा कोणी तरी ठरलेला होता. ज्या ठिकाणी ही दोन्ही सूत्रे सुटली तेथे काय घडते तेही आपण पाहतो. राज्य शासनाने २०१६ साली 'नमामि चंद्रभागा' ही योजना जाहीर केली आणि २०२२ पर्यंत नदी निर्मळ करण्याचा संकल्प सोडला. ती मुदत उलटून गेली. चंद्रभागा निर्मळ झाली असे तिच्या वाळवंटात उभा राहून कोणी म्हणणार नाही. संकल्प खोटा होता असे आम्ही म्हणत नाही. परंतु पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठेवाटे भीमेत येते, उजनीत साचते आणि मग खाली उतरते. एवढ्या मोठ्या खोऱ्याचे दुखणे एका घोषणेच्या पोटात घातले, की त्याची चाचणी घेता येत नाही आणि त्याचा जाबही कोणाला विचारता येत नाही. त्याऐवजी पंढरपूरच्याच एका घाटावर उतरणारा एकच नाला घेतला असता, त्याचे पाणी महिन्याच्या महिन्याला तपासले असते आणि त्या घाटावर फलक लावून आकडे लिहिले असते, तर काम लहान दिसले असते. पण सहा वर्षांनंतर दाखवावयास काही तरी हाती असते.

उलट अनुभवही आहे. वारीच्या काळात उघड्यावर होणारी घाण आणि ती हातांनी उचलावी लागणारे सफाई कामगार, हा पंढरपूरच्या माथ्यावरचा डाग होता. २०१३ च्या कायद्याने मानवी विष्ठा हाताने उचलण्याच्या प्रथेला बंदी घातली. तरी पंढरपुरात ती चालू असल्याची तक्रार मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि न्यायालयाने शौचालयांविषयी व वाळवंटातील तंबूंविषयी कडक आदेश दिले. नदीपलीकडे पासष्ट एकरांच्या जागेत वारकऱ्यांच्या निवासाची सोय झाली ती ह्या रेट्यानंतर. ह्याच सुमारास, २०१५ साली, 'निर्मल वारी'च्या कार्यकर्त्यांनी पालखीमार्गावर फिरती शौचालये उभारण्याचा प्रयोग लहान प्रमाणात केला. शौचालय ठेवून भागत नाही. पाणी, उजेड, स्त्रियांसाठी वेगळी बाजू, मैला नेण्याची व्यवस्था, आणि पहाटे तीन वाजता उभा राहून वारकऱ्यांना विनवणी करणारा स्वयंसेवक, हे सर्व लागते, हा धडा त्या लहान प्रयोगाने दिला. मग तो वर्षानुवर्षे मुक्कामागून मुक्कामावर वाढत गेला. 'लोक तयार नाहीत' म्हणणाऱ्यांना ह्याहून चोख उत्तर कोणते?

शेजारच्या नाशिकनेही ह्या बाबतीत आपल्याला वाट दाखविली आहे. २०१५ च्या सिंहस्थापूर्वी, मूळचे नाशिकचे आणि अमेरिकेतील एमआयटीत संशोधन करणारे प्राध्यापक रमेश रासकर यांच्या पुढाकाराने 'कुंभथॉन' नावाचा उपक्रम झाला. विद्यार्थी, वैद्य, अधिकारी आणि व्यापारी एकत्र बसले. गर्दीचा अंदाज कसा घ्यावा, साथीच्या रोगाची चाहूल लवकर कशी लागावी, तात्पुरता निवारा कसा उभारावा, ह्यांवर त्यांनी साधने तयार केली. त्या चळवळीच्या पाठोपाठ नाशिकमध्ये टीसीएसच्या साहाय्याने नवकल्पनांचे एक कायमचे केंद्रही उभे राहिले. हे सारे कौतुकास्पद आहे. परंतु नाशिकची अडचण पाहा: तेथे ही परीक्षा बारा वर्षांतून एकदा येते. २०१५ मध्ये जे चुकले ते सुधारून पुन्हा सिंहस्थातच पारखावयाचे, तर २०२६-२७ पर्यंत थांबावे लागते. तोपर्यंत पहिल्या प्रयोगातील विद्यार्थी गृहस्थ होतात आणि अधिकारी निवृत्त होतात. पंढरपुराला पुढची संधी पुढच्या शुद्ध एकादशीला मिळते. नाशिकच्या हाती जे बारा वर्षांनी पडते ते आपल्या हाती बारा महिन्यांत बारा वेळा पडते, आणि आपण ते हातचे जाऊ देतो!

म्हणून आमची सूचना अगदी साधी आहे. पंढरपुरात वारीसाठी येणारी कोणतीही नवी वस्तू, सेवा किंवा व्यवस्था प्रथम एखाद्या लहान मासिक एकादशीला, एका ठरलेल्या जागी, ठरलेल्या संख्येवर वापरून पाहावी. तीत उतरली तर चैत्रीला किंवा माघीला. तेथे टिकली तर कार्तिकीला. आणि कार्तिकीचा गुणांक समाधानकारक असेल तरच आषाढीला. घटक चाचणी, सहामाही, वार्षिक, हा क्रम कोणत्याही कारणास्तव ओलांडू नये. मग ती कल्पना मंत्र्याची असो, नामांकित कंपनीची असो वा एखाद्या शाळकरी मुलाची असो.

उदाहरणादाखल दर्शनाचाच प्रश्न घेऊ. पंढरीचे वैशिष्ट्य म्हणजे भक्त देवाच्या प्रत्यक्ष चरणांवर मस्तक ठेवतो. आता शाळेतले त्रैराशिक मांडा. एका भक्ताला दोनच सेकंद दिले, तर मिनिटाला तीस, तासाला १,८०० आणि अहोरात्र रांग चालविली तरी दिवसाला फार तर ४३,२०० जणांना चरणस्पर्श होतो. आषाढीसाठी देवाचा पलंग काढून अखंड दर्शन सुरू करतात. असे पंधरा दिवस एक क्षणही खंड न पडता चालले असे मानले, तरी साडेसहा लाखांच्या पलीकडे आकडा जात नाही. पूजा, नैवेद्य, वृद्धांची हळू पावले धरली तर तो बराच खाली येतो. दर्शनमंडपाचे मजले वाढवून रांगेला छप्पर मिळेल. परंतु चरणांपाशी जाणाऱ्यांची संख्या एकानेही वाढणार नाही. परंपरेने हे गणित केव्हाच ओळखले आहे. म्हणूनच नामदेव पायरी आणि कळस यांच्या दर्शनानेही वारी पुरी होते, असे वारकरी मानतो. नव्या व्यवस्थेने वाढवावयाची ती गती नसून रांगेतील माणसाची वाट पाहण्याची प्रतिष्ठा आहे.

त्यासाठी वेळ नेमून देण्याची कल्पना पुढे आलेली आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये टाळेबंदीनंतर मंदिर उघडले तेव्हा ऑनलाइन नोंदणीने दर्शन दिले गेले, आणि नेमलेली वेळ पाळता येते हे दिसले. परंतु ज्या वृद्ध वारकऱ्याच्या हाती स्मार्टफोन नाही त्याने काय करावे? आम्ही सुचवितो की एखाद्या लहान एकादशीला दोन तासांचे दर्शन फक्त कागदी चिठ्ठीवर द्यावे: ३,६०० नव्हे, पूजेतील खंड धरून तीन हजारच चिठ्ठ्या, प्रत्येक अर्ध्या तासाला वेगळा रंग, म्हणजे अक्षर न येणाऱ्या माउलीलाही आपली पाळी कळेल. किती जण वेळेवर आले, किती चुकले, चिठ्ठ्यांचा काळाबाजार झाला का, हे त्याच रात्री लिहून काढावे. त्यात दोष निघाला तर तीन हजारांची गैरसोय होईल. तोच दोष आषाढीला निघाला तर तीन लाखांची, आणि कदाचित प्राणहानीही होईल.

दुसरे उदाहरण पावसाचे. पूर्वी शेतकरी पावसात इरले घेई. आज वारकऱ्याच्या खांद्यावर प्लॅस्टिकचा कागद असतो. दहावीस रुपयांची ही वस्तू सामान्य माणसाची छत्री, अंथरूण आणि तंबू अशी तिहेरी गरज भागविते. तिला नावे ठेवणे हा सुखवस्तू माणसाचा उद्योग आहे. परंतु वारी सरली की तीच नाल्यात आणि शेतात उरते. अधिक टिकाऊ कागद अनामत घेऊन द्यावा आणि पंढरपुरात तो परत केला की अनामत परत मिळावी, हा प्रयोग पाच दिंड्यांवर करून पाहण्यास कोणती हरकत आहे? विणेकऱ्याच्या शब्दाने चालणारी दिंडी ही अशा अनामतीची उत्तम पेढी ठरेल. गोपाळपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील मुलांनी तो कागद कोणत्या द्रव्याचा, किती वजनाचा आणि किती घड्यांचा असावा हे ठरवावे. ही खरी नवी वस्तू होईल, आणि तिचा ग्राहक दारापुढून दर महिन्याला जातो.

तिसरे उदाहरण हरवलेल्या माणसांचे. प्रयागच्या मेळ्यात राजाराम तिवारी नावाच्या तरुणाने १९४६ साली पत्र्याचा कर्णा हाती घेऊन हरवलेल्यांना पुकारण्याचे काम सुरू केले. २०१६ साली त्यांचे निधन झाले तोपर्यंत सत्तर वर्षे ते काम चालले, आणि त्यांच्यामागे ते त्यांच्या कुटुंबाने उचलून धरले. पत्र्याच्या कर्ण्याची किंमत ती काय? ह्या कामाचे मोल सातत्यात होते. पंढरपुरात ध्वनिक्षेपक आहेत, पोलिसांची केंद्रे आहेत, कॅमेरेही आहेत. परंतु मासिक एकादशीलाही तीच चौकी, त्याच जागी, त्याच रंगाच्या निशाणाखाली उघडी असेल, तर आषाढीला वाट चुकलेल्या आजीबाईंना ती आधीच ठाऊक असेल. नदीवर स्नान करणाऱ्या स्त्रियांसाठी कपडे बदलण्याच्या आडोशाचेही असेच आहे. तो कोठे असावा हे नकाशावर ठरवू नये. आठ एकादश्यांना आठ ठिकाणी उभारून स्त्रियांनाच विचारावे.

ह्यावर तीन आक्षेप येतील. पहिला असा, की हे तीर्थक्षेत्र आहे, प्रयोगशाळा नव्हे. भाविकांवर प्रयोग कसले करता? आमचे उत्तर असे, की प्रयोग आजही होतात. फक्त ते सर्वांत मोठ्या गर्दीवर आणि नोंद न ठेवता होतात. ऑगस्ट २००३ मध्ये नाशिकच्या सिंहस्थात चेंगराचेंगरीत ३९ जण मृत्युमुखी पडले. जानेवारी २००५ मध्ये सातारा जिल्ह्यातील मांढरदेवीच्या यात्रेत जवळजवळ तीनशे माणसे गेली. गर्दीला कोणती वाट पुरते आणि कोणती पुरत नाही हे आधी पारखले नाही, तर ते माणसांच्या प्राणांनी पारखले जाते. भक्तांच्या जिवाची खरी काळजी चाचणीतच आहे.

दुसरा आक्षेप स्थानिक रहिवाशांचा आणि व्यापाऱ्यांचा असेल. मंदिराभोवतीची घरे आणि दुकाने हटवून रुंद मार्ग करण्याची मोठी योजना त्यांच्या मानेवर टांगलेली आहे, आणि 'सुधारणा' हा शब्द ऐकताच त्यांना धडकी भरते. त्यांच्या भीतीची टवाळी करणे अन्यायाचे होईल. परंतु ह्याच कारणासाठी त्यांनी लहान प्रयोगांचा आग्रह धरावयास हवा. पाडलेला वाडा परत उभा राहत नाही; रंगीत चिठ्ठीचा प्रयोग फसला तर चिठ्ठ्या रद्द करता येतात. वेळ नेमून दिल्याने, एकेरी वाटांनी आणि नदीपलीकडच्या निवासाने गर्दीचा किती भार हलका होतो, हे बारा एकादश्यांना मोजून झाल्याशिवाय एकही पिढीजात घर पाडू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. मोजणीनंतरही रुंदीकरण अपरिहार्य ठरले, तर निदान ते कोणत्या गल्लीत आणि किती, हे आकड्यांनी सांगता येईल. आकड्यांपुढे मान तुकविणे सोपे जाते. हुकमापुढे मने दुखावतात.

तिसरा आक्षेप आमच्यासारख्याच वृत्तपत्रवाल्यांचा असतो: म्हणजे आणखी एक समिती! होय, समित्यांचे पीक आपल्याकडे उदंड येते. म्हणून आम्ही समिती मागत नाही, वही मागतो. नगरपरिषदेच्या कचेरीत एक जाडजूड नोंदवही असावी. तिच्यात कल्पना कोणाची, चाचणी कोणत्या एकादशीला, किती माणसांवर, खर्च किती, निकाल काय आणि पुढे सांभाळणार कोण, एवढे सहा रकाने असावेत. सहावा रकाना रिकामा असेल तर पहिल्या पाचांना काही किंमत नाही असे समजावे. फसलेले प्रयोग तिच्यातून खोडू नयेत. पुढच्या माणसाचा पैसा आणि वेळ वाचविणारे तेच पान असते. वही कोणालाही पाहता यावी. द्वादशीच्या दिवशी तिच्यापुढे नगरपरिषदेचा आणि मंदिर समितीचा प्रत्येकी एक अधिकारी, दोन दिंडीप्रमुख, घाटावरचा एक व्यापारी, स्त्री वारकऱ्यांची प्रतिनिधी आणि सफाई कामगारांतील एक असे सात जण तासभर बसावेत. हीच आमच्या कल्पनेतील समाजआरती. ज्याची तक्रार असेल त्याने टाळ वाजवीत राहावे, आणि ती ऐकल्यावाचून पुढचे पान उलटू नये.

सफाई कामगाराचे नाव आम्ही मुद्दाम घेतले आहे. स्वच्छतेच्या योजना आखताना त्याला विचारण्याची चाल आपल्याकडे नाही. कोणते शौचालय पहिल्या दिवशी तुंबते, कोणती गाडी कोणत्या गल्लीत वळत नाही, कोणत्या कोपऱ्यात पाणी पोहोचत नाही, हे त्याच्याइतके कोणत्याही तज्ज्ञाला ठाऊक नसते. शिवाय फसलेल्या कल्पनेचा सर्वांत जड दंड तोच भरतो. यंत्र बंद पडले की खाली उतरतात ते त्याचे हात. ज्याच्या हातांवर प्रयोगाचा भार पडतो त्याला प्रयोगाच्या बैठकीत जागा नाही, ही गोष्ट ज्या क्षेत्रात चोखोबांची समाधी महाद्वारापाशी आहे तेथे तरी शोभत नाही.

शेवटी आमच्या सुशिक्षित शहरी वाचकांना एक विनंती. दर आषाढीला आपण पालखीचे दर्शन घेतो, दूरचित्रवाणीवर महापूजा पाहतो, गर्दीची आणि घाणीची हळहळ करतो, आणि दोन चांगल्या सूचना करून कामाला लागतो. ह्यापुढे सूचनेबरोबर एक एकादशीही द्यावी. जो अभियंता असेल त्याने गर्दी मोजण्यास यावे, जो वैद्य असेल त्याने रांगेतील वृद्धांची तपासणी करावी, जो हिशेबनीस असेल त्याने वहीचे रकाने तपासावेत. आषाढीला येण्याची मुळीच गरज नाही. त्या दिवशी पंढरपुराला माणसांची वाण नसते. ज्या एकादशीला छायाचित्रकार नसतात, मंत्री नसतात आणि स्वागतकमानीही नसतात, त्या दिवशी यावे. नगरपरिषदेने वही उघडण्यासाठी शुभ मुहूर्त शोधत बसू नये. येणाऱ्या शुद्ध एकादशीला एक घाट, एक प्रयोग आणि एक पान, एवढ्यापासून सुरुवात करावी. आणि दुसऱ्या दिवशी, द्वादशीला, त्या पानावर खरे तेवढेच लिहावे.